एल याकेचा गोयीतो : एका विंडसर्फरच्या कारकीर्दीचा ऐतिहासिक विचार

व्यावसायिक विंडसर्फिंगमधील ‘मुक्तशैली’ ह्या प्रकाराचे पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद 2003 पासून 2018 पर्यंतच्या सोळा हंगामांत कोणाकोणाकडे गेले, ह्याची यादी पाहिली असता एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. ह्या सोळांपैकी बारा अजिंक्यपदे एकाच खेड्यात वाढलेल्या दोघांनी मिळविली आहेत. 2003, 2004 व 2005 ही तीन वर्षे रिकार्दो कांपेलो ह्यांची. आणि 2006, 2007, 2009, 2010, 2012, 2014, 2015, 2017 व 2018 ही नऊ वर्षे होसे ग्रेगोरियो एस्त्रेदो ह्यांची. एस्त्रेदो ह्यांना ह्या खेळाचे सारे जग ‘गोयीतो’ ह्या नावानेच ओळखते. उरलेल्या चारांपैकी 2013 चे अजिंक्यपद बोनेर बेटाच्या किरी टोडे ह्यांना मिळाले. म्हणजे सोळांपैकी तेरा अजिंक्यपदे वेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरील दोन लहान बेटांवर गेली. ब्राझीलचे मार्सिलियो ब्राउन (2008) आणि बेल्जियमचे स्टीव्हन फान ब्रुकहोफेन (2011) व दीटर फान डर एकेन (2016) हे तिघेच काय ते बाहेरचे.

ते खेडे म्हणजे मार्गारिता बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एल याके होय.

ह्या वस्तुस्थितीची जी उपपत्ती सामान्यतः दिली जाते ती दोन शब्दांत सांगता येण्याजोगी आहे : निसर्ग आणि करिश्मा. बेटावर वारा भरपूर, पाणी उबदार, मुले जन्मतःच पाण्यातली. आणि गोयीतो तर काय, ‘करिश्मा असलेला’ खेळाडू. क्रीडाविषयक नियतकालिकांतून ही दोन कारणे इतक्या सहजपणे एकमेकांना जोडली जातात की, त्यांपैकी एकही कारण तपासून पाहण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. वस्तुतः वारा आणि उबदार पाणी कॅरिबियन समुद्रात शेकडो किनाऱ्यांवर आहे. त्या सर्व किनाऱ्यांवर जगज्जेते निपजलेले नाहीत. राहिला करिश्मा. त्याचा विचार करण्यापूर्वी त्या शब्दाकडेच थोडे पाहिले पाहिजे.

मराठी वृत्तपत्रांतून आज रूढ असलेला ‘करिश्मा’ हा शब्द दोन भिन्न कुळांच्या संकरातून सिद्ध झाला आहे. फारसी ‘किरिश्मा’ म्हणजे नेत्रकटाक्ष, नखरा. उर्दूत येता येता त्यास चमत्कार, अद्भुत कृती असा अर्थ आला. दुसरे कूळ ग्रीक. तेथे ‘खारिस्मा’ म्हणजे ईश्वरी कृपेने लाभलेले देणे. हा शब्द ख्रिस्ती धर्मग्रंथांतून युरोपीय भाषांत उतरला आणि माक्स वेबर ह्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने त्यास नेतृत्वमीमांसेतील एक संज्ञा म्हणून नवे स्थान दिले. ध्वनिसाम्यामुळे हे दोन्ही शब्द मराठीत एकत्र आले आणि आज ‘अमुक नेत्याचा करिश्मा’ असे लिहिणाऱ्याच्या मनात ग्रीक कृपा व फारसी कटाक्ष ह्यांचे प्रमाण किती असते हे तोही सांगू शकणार नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की, वेबरच्या विवेचनात (ते त्याच्या मृत्यूनंतर 1922 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले) करिश्मा हा व्यक्तीच्या अंगी कायमचा वास करणारा गुण नाही. तो अनुयायांनी मान्य करावा लागतो, आणि तो मान्य व्हावा म्हणून धारकाला त्याचा पुरावा पुनःपुन्हा द्यावा लागतो. पुरावा देणे थांबले की करिश्मा संपला. ‘जन्मजात मोहिनी’ हा जो अर्थ क्रीडावृत्तांतांत अभिप्रेत असतो त्याच्या हा अर्थ जवळजवळ विरुद्ध आहे. एस्त्रेदो ह्यांची कारकीर्द वेबरच्या अर्थाने वाचली असता अधिक कळते, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम नाव. ‘गोयीतो’ हे ‘ग्रेगोरियो’ ह्या नावाचे लाडके रूप. स्पॅनिश भाषेत ग्रेगोरियोचे ‘गोयो’ होते, आणि त्यास लघुत्ववाचक प्रत्यय लागून ‘गोयीतो’ : आपल्याकडे गोविंदाचा गोंदू व्हावा तसे. नियमाप्रमाणे हे रूप ‘वाय’ ह्या वर्णाने लिहावयास हवे. परंतु एस्त्रेदो ह्यांच्या शिडावर व स्पर्धांच्या निकालपत्रांवर ते जोड-‘एल’ने लिहिले जाते. जुन्या कॅस्टिलियन उच्चारात जोड-‘एल’ हा ‘ल्य’च्या जवळचा तालव्य वर्ण होता. अमेरिका खंडातील बहुतेक स्पॅनिश बोलींत, वेनेझुएलाच्या बोलीतही, तो ‘य’मध्ये विलीन झाला. उच्चार एक झाल्यावर लेखन कोणते निवडावे हा केवळ सवयीचा प्रश्न उरतो. म्हणजे ज्याला शुद्धलेखनाची चूक म्हणता येईल ती वास्तविक त्या बोलीच्या ध्वनिव्यवस्थेची साक्ष आहे. जर्मन व इंग्रज निवेदक हे नाव छापील अक्षरांवरून वाचतात तेव्हा ते कित्येकदा ‘गोलितो’ होते. आणि नाव उच्चारणारा मनुष्य एल याकेला कधी जाऊन आला आहे की नाही हे त्यावरून ओळखता येते. ह्याच खेड्यातील अगोदरच्या फळीचे खेळाडू होसे दियास हे ‘चेओ’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. ‘चेओ’ हे होसेचे लाडके रूप होय. व्यावसायिक क्रीडाजगताच्या अधिकृत कागदपत्रांत अशी घरगुती नावे जशीच्या तशी चढावीत, ही गोष्ट लहान असली तरी निरर्थक नाही. ह्या मंडळींनी खेळाच्या जगात प्रवेश केला तो आपापल्या गल्लीतील नावे घेऊन.

मार्गारिता हे नाव मात्र बाहेरून आलेले. कोलंबस आपल्या तिसऱ्या सफरीत 1498 मध्ये ह्या भागात आला, आणि लवकरच शेजारच्या कुबाग्वा बेटाच्या परिसरात मोत्यांच्या शिंपल्यांचे विपुल साठे सापडले. ‘मार्गारिता’ म्हणजे मोती. मूळ ग्रीक शब्द, आणि संस्कृत कोशांत ‘मञ्जरी’चा एक अर्थ मोती असा दिलेला असल्यामुळे ह्या दोहोंचा संबंध जोडण्याचेही प्रयत्न झालेले आहेत. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पॅनिश वसाहतवाल्यांनी स्थानिक इंडियन लोकांना व पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बुड्या मारावयास लावून हे साठे अक्षरशः ओरबाडले. काही दशकांतच शिंपले संपुष्टात आले. कुबाग्व्यावरील न्वेवा कादिस हे शहर 1541 च्या सुमारास उद्ध्वस्त झाले ते पुन्हा वसले नाही. त्यानंतरच्या शतकांत बेट मासेमारीवर जगले. 1970 च्या दशकात त्यास खुल्या बंदराचा दर्जा मिळाला आणि मुख्य भूमीवरील वेनेझुएलन लोक जकातमुक्त मालाच्या खरेदीसाठी तेथे लोटू लागले. परदेशी पर्यटक आले ते त्यांच्या मागोमाग.

एल याकेला मोती नव्हते. तेथे वारा होता. हे वारे म्हणजे ईशान्येकडून व पूर्वेकडून वर्षातील बराच काळ एका दिशेने वाहणारे, मराठी भूगोलाच्या पुस्तकांत ज्यांना ‘व्यापारी वारे’ म्हणतात ते. ही संज्ञा इंग्रजीवरून शब्दशः घेतलेली आहे, आणि ती घेताना एक गफलत झाली. इंग्रजी नावातील ‘ट्रेड’ ह्या शब्दाचा अर्थ मुळात व्यापार असा नसून ठरलेला मार्ग, वहिवाटीची वाट असा होता. वारा ‘ट्रेड’ वाहतो म्हणजे तो एका वाटेने सातत्याने वाहतो. पुढे इंग्रजीतच त्या शब्दाचा जुना अर्थ मागे पडला व व्यापाराचा अर्थ त्यास चिकटला. स्पॅनिश भाषेत ह्या वाऱ्यांना ‘अलिसिओ’ म्हणतात. त्यात व्यापाराचा गंधही नाही. एल याकेला जानेवारी ते जून ह्या काळात हा वारा विशेष जोमाने वाहतो, आणि दुपारी जमीन तापली की त्याचा वेग आणखी वाढतो.

ज्या साधनावर ही सारी कहाणी उभी आहे ते मात्र बेटावर जन्मलेले नाही. शिडाची फळी प्रथम कोणी केली ह्याविषयी न्यायालयांतून वाद झाले आहेत. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने 1958 मध्ये असे एक साधन बनविले होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील न्यूमन डार्बी ह्यांनी 1964 च्या सुमारास आपली शीडफळी तयार केली व 1965 मध्ये एका लोकप्रिय विज्ञानमासिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु ज्या साधनातून पुढचा खेळ वाढला ते कॅलिफोर्नियातील विमानविद्येचे अभियंते जिम ड्रेक व व्यावसायिक हॉइल श्वाइट्झर ह्या दोघांचे. त्याची चाचणी 1967 मध्ये झाली व अमेरिकन एकस्व जानेवारी 1970 मध्ये मिळाले. त्याचे मर्म असे की, डोलकाठी फळीला घट्ट बसविलेली नसते. सर्व बाजूंना वळू शकणाऱ्या सांध्यावर ती मोकळी असते, आणि शीड मनुष्य हातांनी धरतो. सुकाणू नाही, शीड पुढे किंवा मागे झुकवूनच फळी वळवावयाची. नौकेत जे काम दोर, डोलकाठी व सुकाणू करतात ते येथे खेळणाऱ्याचे शरीर करते. इंग्लंडमध्ये 1985 साली अपील न्यायालयाने चिल्व्हर्सच्या बालपणीच्या फळीचा दाखला ग्राह्य धरून तेथील एकस्व रद्द ठरविले. तोपर्यंत खेळ युरोपभर पसरला होता.

कॅरिबियन परिसराचा ह्या इतिहासात प्रवेश झाला तो प्रथम केवळ रंगमंच म्हणून. हवाईचे रॉबी नेश ह्यांनी 1976 मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी जागतिक अजिंक्यपद मिळविले ते बहामा बेटांवर. स्थानिक नट मागाहून आले. कुरासाओचे यान बुर्स्मा ह्यांनी 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्स अँटिलीससाठी रौप्यपदक मिळविले. त्या देशाचे ते एकमेव ऑलिंपिक पदक ठरले, कारण 10 ऑक्टोबर 2010 रोजी तो देशच विसर्जित झाला. स्त्रियांमध्ये अरूबाच्या सारा-कीता ओफ्रिंगा ह्यांनी 2008 पासून मुक्तशैलीची अजिंक्यपदे अशा सातत्याने मिळविली की, त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा. एल याकेच्याच पाण्यावर तयार झालेल्या योली दे ब्रेंट ह्यांचे नाव त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांत येते.

एल याकेला 1980 च्या दशकात जे पाहुणे आले ते मुख्यतः युरोपातून, त्यांत जर्मन पुष्कळ. त्यांच्यामागून फळ्या भाड्याने देणारी केंद्रे आली. मच्छीमारांच्या खेड्याला एक नवा धंदा मिळाला आणि खेड्यातील मुलांना एक नवे खेळणे. ह्या केंद्रांवर मुले शिडे वाहून नेत, फळ्या धूत, पुढे पाहुण्यांना शिकवीत. पाहुण्यांनी टाकून दिलेली फाटकी शिडे व भेगाळलेल्या फळ्या ही त्यांची पहिली साधने. असल्या शिक्षणाला कोणी विद्यालय म्हणत नाही. परंतु मोठ्याचे पाहून लहान शिकतो, लहान मोठा झाला की त्याचे पाहून आणखी लहान शिकतो, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीची सर्वांत कठीण उडी ही आपली पहिली उडी मानते, ही परंपरेची व्याख्या असेल तर एल याकेला परंपरा होती. कांपेलो ब्राझीलमध्ये जन्मले, पण मार्गारितेवर वाढले. ते लागोपाठ तीन वर्षे जगज्जेते होते तेव्हा 1989 मध्ये जन्मलेले एस्त्रेदो चौदा ते सोळा वर्षांचे होते. खेळाच्या त्या काळातील परमोच्च आदर्शासाठी त्यांना चित्रफिती पाहाव्या लागत नव्हत्या. तो आदर्श घरच्या पाण्यावर होता. 2006 मध्ये सतराव्या वर्षी त्यांनी पहिले अजिंक्यपद घेतले त्याच्या पाठीशी ही साखळी आहे. ‘जन्मजात’ हे विशेषण वापरल्याने ही साखळी पुसली जाते, आणि म्हणूनच ते विशेषण निरुपद्रवी नाही.

निसर्गाचा वाटा किती हेही नेमके सांगता येते. एल याकेचा किनारा दक्षिणाभिमुख आहे आणि वारा पूर्वेकडून, म्हणजे किनाऱ्याला समांतर वाहतो. त्यामुळे समुद्रात जाताना वारा एका बाजूने लागतो व परतताना दुसऱ्या बाजूने. जाणे आणि येणे ही परस्परांची आरशातील प्रतिबिंबे होतात. मुक्तशैलीचे नियम असे आहेत की, ठराविक मिनिटांच्या फेरीत खेळाडूने वाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी कौशल्ये दाखवावयाची असतात. एकाच बाजूचा पट्टीचा खेळाडू येथे टिकत नाही. लाटांच्या किनाऱ्यावर उड्या घ्यावयाच्या त्या बहुधा बाहेर जाताना, आणि येताना लाटेवर स्वार व्हावयाचे. तेथे दोन हात दोन वेगळी कामे शिकतात. एल याकेच्या सपाट पाण्यावर दोन्ही फेऱ्या सारख्याच उपयोगाच्या. शिवाय किनाऱ्यालगत पाणी इतके उथळ की पडलेला मुलगा पायांवर उभा राहून शीड उचलतो व लगेच पुन्हा प्रयत्न करतो. एका दुपारी किती वेळा पडता येते हा ह्या कलेत गौण प्रश्न नव्हे.

आता कौशल्यांविषयी. मूळची फळी सुमारे बारा फूट लांब होती. तिच्यावर डौलदार वळणे घेता येत, फार तर तिला काठावर उभी करून चालविता येई. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात फळ्या आखूड व रुंद झाल्या, आणि पाठीमागचे पाते वीतभरापेक्षाही लहान झाले. परिणाम असा झाला की, फळी हवेत फिरवून उलटी टेकली तरी ती न अडखळता पाठीमागे घसरू लागली. ही घसरण म्हणजे मुक्तशैलीचा पाया. ‘व्हल्कन’ ह्या कृतीत फळी हवेत अर्धे वर्तुळ फिरते व त्याच क्षणी खेळाडू हात बदलून शिडाच्या दुसऱ्या बाजूस जातो, ‘स्पॉक’मध्ये त्याच्या पुढे आणखी एक पूर्ण वर्तुळ जोडले जाते, ‘फ्लाका’मध्ये फळी वाऱ्याच्या सामोरी फेकून उलट दिशेने घुमविली जाते. एका कृतीच्या शेवटी फळी ज्या अवस्थेत असते तीच दुसरीची आरंभावस्था असू शकते, त्यामुळे त्यांचे समास होतात; आणि 2006 नंतरच्या दशकात अजिंक्यपदाचा निर्णय सुट्या शब्दांवर नव्हे तर समासांवर होऊ लागला. एस्त्रेदो ह्यांचे वैशिष्ट्य येथेच आहे. पाण्यापासून पुष्कळ उंचीवर कृती करणे, आणि दोन कृतींच्या सांध्यात वेग न गमावणे, ही त्यांच्या खेळाची खूण होय.

ह्या नावांचा इतिहास भाषाभ्यासकाला मोह घालणारा आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास इटलीच्या चेझारे कांतागाल्ली ह्यांनी पुढच्या दिशेची कोलांटी रूढ केली तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यांनी ‘चेझारे’चे ‘चीज’ केले व त्या उडीस चीजची गुंडाळी म्हटले. ‘स्पॉक’ हे एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील पात्र, आणि ते पात्र व्हल्कन ग्रहाचे. म्हणून दोन भावंड-कृतींना ही दोन नावे. म्हणजे पहिली नावे इंग्रजी भाषिकांच्या करमणुकीच्या जगातली. पुढच्या नावांत दक्षिण अमेरिका व कॅरिबियन स्पष्ट ऐकू येतात. ‘फ्लाका’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सडपातळ स्त्री. ‘कुलो’ आणि ‘पुनेता’ ह्या दोन नावांचे अर्थ येथे देणे प्रशस्त होणार नाही. ती निकालपत्रांत व निवेदनांत अत्यंत गंभीरपणे योजली जातात ही गोष्ट वेगळी. ‘फ्लाका’ स्पॅनिशमध्ये ‘सी’ने लिहितात, खेळात ते ‘के’ने लिहिले जाते. स्पॅनिश लेखनात ‘के’ परका वर्ण आहे, परंतु बोनेर व कुरासाओ येथील पापियामेंतु भाषेच्या उच्चारानुसारी लेखनपद्धतीत तो नित्याचा. एवढ्यावरून शब्दाचे मातृत्व ठरवू नये हे खरे. तथापि एका पिढीच्या आत एका तांत्रिक परिभाषेचे केंद्र एका भाषेकडून दुसरीकडे सरकले, ह्याचा हा लिखित पुरावा आहे. क्रिकेटची परिभाषा मराठीत आली ती घेण्याच्या मार्गाने. येथे उलटे घडले. जर्मन व इंग्रज मुले बेटावरच्या मुलांचे शब्द त्यांचे अर्थ न कळता घोकू लागली.

आता पुराव्याकडे. वर दिलेल्या वर्षांची यादी पुन्हा पाहावी. एस्त्रेदो ह्यांनी 2008 मध्ये पद गमावले. 2009 मध्ये परत घेतले. 2011 मध्ये गमावले. 2012 मध्ये परत घेतले. 2013 मध्ये गमावले. 2014 मध्ये परत घेतले. 2016 मध्ये गमावले. 2017 मध्ये परत घेतले. तेरा हंगामांत चार वेळा पराभव, आणि एकदाही लागोपाठ दोन वर्षे नाही. शिवाय ज्या चौघांनी त्यांना हरविले ते चारही वेळा निराळे होते. नऊ ह्या आकड्याचे जे कौतुक होते त्यापेक्षा ह्या चार पुनरागमनांचे व्हावयास हवे. सतत जिंकणाऱ्याला जिंकण्याची सवय उपयोगी पडते. हरलेल्याला मात्र नव्या विजेत्याने काय नवीन आणले ते शिकून, त्यात भर घालून, एका हिवाळ्याच्या आत परतावे लागते. आणि मुक्तशैलीत ‘काय नवीन’ हा प्रश्न दर वर्षी बदलतो. 2006 च्या कौशल्यांवर 2018 मध्ये पहिली फेरीही जिंकता आली नसती.

स्पर्धेची रचनाही ह्याच वृत्तीची कसोटी पाहणारी आहे. दोन-दोन खेळाडू समोरासमोर येतात. हरलेला लगेच बाहेर जात नाही. दुसऱ्या, उलट्या क्रमाच्या मालिकेत त्याला खालून एकेक प्रतिस्पर्धी हरवीत वर चढता येते, आणि शेवटी पहिल्या मालिकेच्या विजेत्याला दोनदा हरवून त्याचे स्थान घेता येते. एका दिवसात दहा-बारा मिनिटांच्या विश्रांतीने फेरीमागून फेरी खेळणे म्हणजे काय, ह्याची कल्पना बाहुबळाचा विचार केल्याशिवाय येत नाही.

आणि ह्या कसोट्या घरच्या पाण्यावर झाल्या नाहीत. मुक्तशैलीची अजिंक्यपदे प्रामुख्याने ठरली ती कॅनरी बेटांतील फ्वेर्तेव्हेंतुरा व लांझारोते येथे, आणि जर्मनीच्या उत्तर समुद्रातील झिल्ट बेटावर. फ्वेर्तेव्हेंतुराचा जुलैतील वारा झटक्याझटक्याने येणारा व कमालीचा जोरदार. झिल्टची स्पर्धा सप्टेंबरअखेर सुरू होते. पाणी थंड, लाटा अस्ताव्यस्त, अंगावर रबरी पोशाख अपरिहार्य. निसर्गवादी उपपत्ती येथे पुरती अडखळते. कॅनरी बेटांवरचा वारा आणि मार्गारितेचा वारा एकाच महाप्रवाहाचे दोन भाग आहेत, हे मात्र खरे. कोलंबसाला 1498 मध्ये ह्याच प्रवाहाने ह्या किनाऱ्यांपर्यंत आणले. त्या सफरीत तो कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा येथे थांबला होता. एस्त्रेदो दर उन्हाळ्यात त्या वाटेने उलट दिशेने, विमानात शिडे व फळ्या घालून, जात राहिले.

ह्या उलट प्रवासाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. मुक्तशैलीला ऑलिंपिकमध्ये कधीही स्थान मिळालेले नाही. ऑलिंपिकमध्ये 1984 पासून आहे ती शर्यत. म्हणून राष्ट्रीय क्रीडासंस्थांच्या हिशेबात ह्या अजिंक्यपदांना खाते नाही. खेळाडू जगतो तो साधने बनविणाऱ्या कंपन्यांच्या करारांवर. एस्त्रेदो ह्यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग फॅनॅटिक ह्या जर्मन नाममुद्रेच्या फळ्यांवर गेला. जगातील बहुसंख्य फळ्या मात्र थायलंडमधील चोनबुरी प्रांतातील एकाच कारखान्यात तयार होतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या, आशियात बनलेल्या फळीवर कॅरिबियन बेटावरच्या मुलाने काय करून दाखविले, ह्यावर तिची विक्री अवलंबून : असे हे अर्थचक्र आहे. ‘करिश्मा’ ह्या शब्दाला ह्या चक्रात बाजारभाव आहे, आणि तो भाव खेळाडूच्या फेरीगणिक वर-खाली होतो. वेबरने सांगितलेला पुरावा येथे अनुयायांच्या जोडीने कंपनीच्या विक्रीविभागालाही द्यावा लागतो.

नेमक्या ह्याच काळात पायाखालची भूमी सरकू लागली. 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, वेनेझुएलाची अर्थव्यवस्था आकुंचन पावू लागली, आणि 2016 च्या अखेरीस तेथे अतिचलनवाढीचे युग सुरू झाले ते पाच वर्षे टिकले. लुफ्तहान्साने जून 2016 मध्ये काराकासची विमानसेवा थांबविली. एल याकेचे पाहुणे ज्या देशातून येत त्याच देशाशी थेट दळणवळण तुटले. भाड्याच्या फळ्यांची केंद्रे पाहुण्यांवर चालत होती. मुलांची शाळा केंद्रांवर चालत होती. पाहुण्यांनी टाकून दिलेले शीड ही ज्या परंपरेची पहिली पायरी, तिला पाहुणेच येईनासे झाल्यावर काय होते हे ह्या खेड्याच्या इतिहासाचे पुढचे प्रकरण आहे. एस्त्रेदो ह्यांनी आठवे व नववे अजिंक्यपद घेतले ते 2017 व 2018 मध्ये, म्हणजे देशाच्या अत्यंत हलाखीच्या वर्षांत. ह्या दोन पदांची नोंद निकालपत्रांत इतर सातांसारखीच एकेका ओळीची आहे. यान बुर्स्मा ह्यांचे रौप्यपदक आजही ऑलिंपिकच्या अधिकृत यादीत, अस्तित्वात नसलेल्या एका देशाच्या नावापुढे, कायम आहे. गोयीतोच्या नऊ अजिंक्यपदांसाठी त्या यादीत रकानाच नाही. ती शोधावयाची असतील तर व्यावसायिक संघटनेच्या हंगामवार तक्त्यांत, जोड-‘एल’ने लिहिलेल्या त्या नावाखाली शोधावी लागतात.